काशीहून वाईपर्यंत : ‘रोहिणी’ या संज्ञेचा प्रवास

१

वाराणसीच्या घाटांसमोर, गंगेच्या उजव्या तीरावर रामनगर वसले आहे. चुनारच्या दगडात बांधलेला तेथील किल्ला राजा बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास उभारला. महिनाभर गावाच्या निरनिराळ्या स्थळी फिरत राहणाऱ्या रामलीलेमुळे हे गाव सर्वदूर माहीत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र किल्ल्यातील ‘सरस्वती भांडार’ हा हस्तलिखितसंग्रह आणि येथील राजांना चिकटलेले ‘काशिनरेश’ हे बिरूद, या दोन गोष्टी अधिक विचार करावयास लावतात. ग्रंथ आणि काशीचा राजा यांची जोडी फार जुनी आहे. भारतीय शल्यतंत्राचा आद्य ग्रंथ मानली जाणारी सुश्रुतसंहिता हीच मुळी एका काशिराजाच्या मुखातून आलेली आहे, असे ती संहिता स्वतःच सांगते. आश्रमात बसलेल्या काशिराज दिवोदास धन्वंतरीला सुश्रुत, औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित हे शिष्य शरण जातात आणि त्यांच्या विनंतीवरून तो आयुर्वेद सांगू लागतो, अशी तिची चौकट आहे.

रामनगरच्या राजवंशाचा दिवोदासाशी वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही. बिरुदे रक्ताने चालत नाहीत, ती स्थानाने चालतात. तरीही इतिहासाने येथे एक जुळणी करून ठेवली आहे. याच घराण्यातील प्रभुनारायणसिंह यांनी दिलेल्या भूमीवर १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. रामनगरच्या पलीकडच्या तीरावर उभ्या राहिलेल्या त्या विश्वविद्यालयातील आयुर्वेद महाविद्यालयात पुढे भास्कर गोविंद घाणेकर या मराठी प्राध्यापकाने सुश्रुताच्या संहितेवर ‘आयुर्वेदरहस्यदीपिका’ ही हिंदी व्याख्या लिहिली. शरीररचनेचे विवरण करणारे शारीरस्थानही तिच्या कक्षेत आले. घाणेकर पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर होते आणि आयुर्वेदाचार्यही होते. मातृभाषा मराठी, मूळ ग्रंथ संस्कृत, लेखनाची भाषा हिंदी आणि विषयाची आधुनिक बाजू इंग्रजीतून आलेली, अशा चार भाषांच्या सांध्यावर हा ग्रंथ उभा आहे. १५७३ मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका एकनाथांनी काशीतच पूर्ण केली होती. संस्कृत आणि देशभाषा यांमधील देवघेव काशीतील मराठी माणसाला नवी नव्हती. घाणेकरांच्या वाट्याला आलेली देवघेव मात्र निराळ्या जातीची होती. येथे प्रश्न भक्तीच्या अर्थाचा नव्हता, प्रेतात डोळ्यांनी दिसणाऱ्या नळ्यांचा होता.

हृदयातून दोन मोठ्या नळ्या बाहेर पडतात. मराठी परिभाषा त्यांना ‘महारोहिणी’ आणि ‘फुप्फुस रोहिणी’ म्हणते. हिंदी परिभाषा पहिलीला ‘महाधमनी’ म्हणते. ‘रोहिणी’ आणि ‘धमनी’ हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेत आहेत. एकाच ग्रंथातून दोन शेजारच्या भाषांनी एकाच वस्तूसाठी दोन निराळे शब्द का उचलले, आणि ते शब्द मूळ ठिकाणी खरोखर त्याच वस्तूचे होते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो परिभाषेचा किरकोळ प्रश्न वाटेल. परंतु जुन्या शब्दात नवे ज्ञान घातले की काही काळाने ते ज्ञानही जुनेच होते असा भास होऊ लागतो. प्राचीन ग्रंथांविषयीचे आपले पुष्कळसे वाद या भासातून जन्मतात.

२

सुश्रुताने प्रेत तपासण्याची जी रीत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितली आहे, तिच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. प्रेत सर्व अवयवांनी पूर्ण असावे, विषाने मेलेल्याचे नसावे, दीर्घ व्याधीने खंगलेल्याचे नसावे, शंभरीला पोहोचलेल्याचेही नसावे. आतड्यांतील मळ काढून ते मुंज, साली, कुश, ताग इत्यादींनी गुंडाळावे, पिंजऱ्यात घालावे आणि एकांतस्थळी नदीच्या संथ पाण्यात ठेवावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतील अवयवांपर्यंत एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. संहिता त्या नदीचे नाव सांगत नाही, म्हणून आपणही ती गंगाच होती असे म्हणू नये. पण शास्त्र ऐकून आणि प्रत्यक्ष पाहून असे दोन्ही मार्गांनी ज्ञान वाढते, हा आग्रह त्या प्रकरणात स्पष्ट आहे.

या रीतीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. शस्त्राऐवजी कुजण्याच्या क्रियेकडून थर मोकळे करून घेतल्याने अस्थी, सांधे, स्नायू हे दृढ अवयव चांगले दिसतात. उलट मऊ नळ्या, आणि त्यांतही त्यांच्या सूक्ष्म शाखा, आधी नाहीशा होतात. रक्त तर राहतच नाही. सुश्रुताचे अस्थिविवरण जेवढे आधुनिक वाचकाला ओळखीचे वाटते तेवढे त्याचे वाहिनीविवरण वाटत नाही, याचे एक कारण या रीतीत शोधता येते.

वाहिन्यांचे विवरण सातव्या आणि नवव्या अध्यायांत आहे. सातव्यात सिरा, नवव्यात धमन्या. सिरा सातशे. त्यांची मुळे चाळीस : वाताच्या दहा, पित्ताच्या दहा, कफाच्या दहा, रक्ताच्या दहा, आणि प्रत्येक दहांचा विस्तार एकशे पंचाहत्तर. त्यांना रंगांवरून नावे आहेत. वात वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या उष्ण त्या नीला, कफ वाहणाऱ्या शीत त्या गौरी, आणि रक्त वाहणाऱ्या, फार उष्णही नव्हेत व फार शीतही नव्हेत, त्या रोहिणी. मराठी वाचकाने येथे थांबावे. आपल्या ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ या जोडीचे मूळ हे आहे. सुश्रुताकडे मात्र ती जोडी नाही, चौकडी आहे. तिच्यातील दोघी परस्परविरुद्ध नाहीत, आणि हृदयातून निघणारी एक व हृदयाकडे परतणारी दुसरी असा भेद तेथे मुळीच नाही. शिवाय सुश्रुत लगेच पुष्टी जोडतो की कोणतीही सिरा केवळ एकच द्रव्य वाहत नाही. सर्वांतून सर्व वाहते. रंगांची विभागणी त्याला सोयीची वाटते, अंतिम वाटत नाही.

धमन्या चोवीस : दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या, चार आडव्या. वर जाणाऱ्यांकडे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची जाणीव, श्वास, जांभई, शिंक, हसणे, बोलणे, रडणे ही कामे आहेत. आडव्या धमन्यांचे जाळे होऊन त्यांची तोंडे रोमकूपांपर्यंत पोहोचतात. ही कामे पाहिली की सुश्रुताची धमनी म्हणजे आजची ‘आर्टरी’ नव्हे हे उघड होते. तिच्यात आपण ज्यांना मज्जातंतू, श्वासनलिका आणि घर्मवाहिनी म्हणू अशा गोष्टींचा वाटा आहे. सिरा, धमनी आणि स्रोतस ही एकाच वस्तूची तीन नावे होत, हा पूर्वपक्ष सुश्रुताच्याच काळी होता. तो खोडताना लक्षणे, मुळे, कर्मे आणि आगम निराळे असल्याने तिन्ही निराळी होत, जवळिकीमुळे व सूक्ष्मतेमुळे ती एक वाटतात, असे उत्तर तो देतो. म्हणजे या संज्ञांविषयीचा वाद आपल्या काळाने निर्माण केलेला नाही. ग्रंथ जन्मला तोच वाद घेऊन.

३

या सर्व नळ्या निघतात कोठून? सुश्रुताचे उत्तर ‘नाभी’. चाकाच्या नाभीभोवती आरे असावेत तशा सिरा नाभीभोवती आहेत, असा त्याचा दृष्टान्त. संस्कृतात नाभी म्हणजे बेंबी आणि नाभी म्हणजे चाकाचा तुंबाही. शब्दाच्या या दुहेरी अर्थानेच अर्धे काम केले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु केवळ शब्दश्लेषावर हा सिद्धान्त उभा नाही. गर्भाची नाभिनाडी मातेच्या रस वाहणाऱ्या नाडीशी जोडलेली असते, हे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. गर्भाचे पोषण जेथून होते तेथेच सर्व वाहिन्यांचे मूळ असणार, हा तर्क त्यामागे आहे. मराठी बोली आजही त्याच नकाशावर चालते. पोटातिडकीने ओरडणारा ‘बेंबीच्या देठापासून’ ओरडतो, आणि जुने नाते सांगताना आपण ‘नाळ’ जोडलेली आहे असे म्हणतो.

तथापि त्याच संहितेत दुसरे उत्तरही आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रसाचे स्थान हृदय सांगितले असून, तो हृदयातूनच चोवीस धमन्यांत शिरतो व शरीराला प्रतिदिनी तृप्त करतो, असे म्हटले आहे. प्राण वाहणाऱ्या धमन्या हृदयाच्या आश्रयाने असतात हेही शारीरस्थानात आहे. आणि नवव्या अध्यायात नाभीतून वर निघालेल्या दहा धमन्या हृदयाशी पोहोचल्यावर प्रत्येकी तीन होतात. नाभी आणि हृदय, दोन्ही दावेदार एकाच ग्रंथात शेजारी शेजारी बसले आहेत.

चरकाने हा वाद आपल्या परीने सोडवला. सूत्रस्थानाच्या अखेरच्या अध्यायात दहा महामूल वाहिन्या हृदयात रुजलेल्या आहेत असे तो सांगतो. घराचे वासे जसे मधल्या आढ्याच्या आधाराने राहतात तसे शरीरातील भाव हृदयाच्या आधाराने राहतात, ही त्याची प्रतिमा. तेथेच तो नावांची व्युत्पत्तीही देतो : फुंकले जाते म्हणून धमनी, पाझरते म्हणून स्रोतस, सरकते म्हणून सिरा. ‘धमनी’ हा शब्द मुळात फुंकण्याच्या नळीचा. वैदिक निघंटूने तो वाणीच्या नावांत घातला आहे. ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही आरंभी श्वासनलिकेसाठी होता. मेलेल्या शरीरात या नळ्या बहुधा रिकाम्या आढळतात, त्यामुळे त्यांतून वायू वाहतो अशी समजूत ग्रीक वैद्यांत दीर्घकाळ टिकली. त्यांत रक्तच असते हे गेलनने प्रयोगाने दाखवले.

हृदयाचा पक्ष काशीतही अनोळखी नव्हता. बृहदारण्यकोपनिषदात गार्ग्य बालाकी काशीचा राजा अजातशत्रू याला ब्रह्म शिकवायला जातो आणि शेवटी स्वतःच शिष्य होतो. झोपलेल्या माणसाचे चैतन्य कोठे जाते हे सांगताना हा राजा हृदयातून निघणाऱ्या बहात्तर हजार ‘हिता’ नाड्यांचा उल्लेख करतो. म्हणजे परंपरेने दोन काशिराजांच्या तोंडी दोन उगम घातले आहेत : एकाच्या तोंडी नाभी, दुसऱ्याच्या तोंडी हृदय. अर्थात अजातशत्रूचा विषय स्वप्न आणि सुषुप्ती आहे, शस्त्रकर्म नाही. उपनिषदातील नाडीला शारीरातील नळी समजणे ही जितकी चूक, तितकीच शारीरातील नळीला उपनिषदाचे तेज चढवणे ही चूक.

तिसरा आवाज भेलसंहितेचा. हृदयातून रस सर्वत्र बाहेर पडतो आणि सिरांच्या द्वारे पुन्हा हृदयाकडे येतो, अशा आशयाचे वचन तीत आहे. सुश्रुताचे आरे, चरकाचे वासे, आणि सुश्रुताचाच बागेला पाणी देणाऱ्या पाटांचा दृष्टान्त, या तिन्ही प्रतिमा एकमार्गी आहेत. आऱ्यातून तुंब्याकडे काही परतत नाही. पाटाचे पाणी वाफ्यात जिरते. हाच बागेचा दृष्टान्त ॲरिस्टॉटलनेही रक्तवाहिन्यांसाठी योजला होता. ज्या विचाराची प्रतिमाच एकमार्गी, त्याला अभिसरण सुचणे कठीण. भेलाच्या त्या वाक्यात परतीची वाट आहे, म्हणून ते मोलाचे. पण ते वाक्य आहे. त्यामागे मोजमाप नाही, प्रयोग नाही, आणि त्यावर पुढे कोणी काही उभारले नाही.

भेलसंहितेचे हस्तलिखित तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथालयात सापडले आणि कलकत्ता विश्वविद्यालयाने ते १९२१ मध्ये छापून प्रसिद्ध केले. त्या ग्रंथालयाला वैभव दिले ते मराठी राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी. १८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी काशीयात्रा केली आणि परतताना हस्तलिखिते आणली. वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल चालवला. युरोपीय शारीरावरील ग्रंथही त्यांच्या संग्रही होते. रामनगरचे सरस्वती भांडार आणि तंजावरचा सरस्वती महाल, राजवाड्यांच्या आश्रयाने टिकलेल्या या दोन संग्रहांकडे पाहिले म्हणजे जुन्या ज्ञानाचे टिकणे किती थोड्या आधारांवर अवलंबून होते हे ध्यानात येते.

४

आता शरीरात प्रत्यक्ष काय आहे ते पाहू. हृदयाच्या डाव्या जवनिकेतून महारोहिणी निघते. मुळाशी तिचा व्यास सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर असतो व तेथे तीन पाकळ्यांची झडप असते. झडपेला लागूनच दोन हृद् रोहिणी फुटतात : सर्व शरीराला रक्त देण्याआधी हृदय आपला वाटा घेते. सुमारे पाच सेंटिमीटर वर गेल्यावर उरोस्थीच्या मागे तिची कमान होते आणि कमानीतून तीन शाखा निघतात. पहिली पुढे दुभंगून उजव्या हाताला व मानेच्या उजव्या बाजूला जाते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूने मस्तकाकडे. तिसरी डाव्या हाताकडे. कमान वळून पाठीच्या कण्याच्या कडेने खाली उतरते, मध्यपटल ओलांडते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर, म्हणजे साधारण बेंबीच्या पातळीच्या जरा खाली, दोन्ही पायांसाठी दुभागते. उजव्या जवनिकेतून निघणारी फुप्फुस रोहिणी आखूड असते. पाचेक सेंटिमीटर गेल्यावर महारोहिणीच्या कमानीखाली तिच्या दोन शाखा होऊन त्या दोन फुप्फुसांकडे वळतात.

हे वर्णन वाचताना सुश्रुताच्या वचनांशी जुळण्या दिसू लागतात. हृदयाशी आल्यावर धमन्या तिपटीने वाढतात, आणि कमानीच्या शाखाही तीन. वाहिन्यांचे मूळ नाभी, आणि महारोहिणीचे विभाजनही नाभीच्या जवळ. अशा जुळण्या मांडून टाळ्या मिळवता येतात, पण अर्थ मिळत नाही. सुश्रुताच्या तिपटीचा हिशेब दहांचे तीस करण्याचा आहे आणि त्या तिसांची वाटणी वात, पित्त, कफ, रक्त, रस, शब्द, रूप अशा क्रमाने होते; कमानीच्या तीन शाखांशी त्याचा संबंध नाही. संख्या जुळली म्हणून वस्तू जुळत नाही.

एक जुळणी मात्र निराळ्या दर्जाची आहे. जन्मापूर्वी गर्भाला प्राणवायू नाळेतून मिळतो. ते रक्त नाभीतून आत येऊन हृदयाकडे जाते. फुप्फुसे अजून कामाला लागलेली नसतात, म्हणून फुप्फुस रोहिणीतील बहुतेक रक्त एका आखूड नळीने थेट महारोहिणीत वळवले जाते. जन्मानंतर ती नळी मिटते आणि दोन्ही मोठ्या रोहिण्यांमध्ये तिचा एक बंध आयुष्यभर राहतो. नाभीतून येणाऱ्या वाहिनीचाही असाच बंध होतो. म्हणजे नाभी हे प्रवेशद्वार असलेली व्यवस्था प्रत्येक शरीरात एकदा खरी असते आणि पहिल्या श्वासाबरोबर ती मोडते. सुश्रुताला ही आखूड नळी माहीत नव्हती. पण गर्भाकडे पाहून त्याने नाभीचा पक्ष घेतला तो निराधार नव्हता. त्याची चूक एवढीच की, गर्भात खरे असलेले त्याने जन्मलेल्या शरीरालाही लावले.

५

हृदयातून निघालेले रक्त हृदयाकडेच परतते हे १६२८ मध्ये विल्यम हार्वी यांनी सिद्ध केले. त्यांचा निर्णायक मुद्दा गणिताचा होता. अर्ध्या तासात हृदय जेवढे रक्त पुढे ढकलते ते शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते. तेवढे रक्त अन्नातून सतत नवे तयार होणे अशक्य. म्हणून तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. प्रतिमाही बदलली. वाफ होऊन वर जाणारे आणि पावसाच्या रूपाने परतणारे पाणी त्यांनी दृष्टान्तासाठी घेतले. दोन्ही प्रकारच्या नळ्यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

हे ज्ञान भारतात संस्थांच्या मार्गाने आले. मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा १८२६ मध्ये निघाली आणि १८३२ मध्ये बंद पडली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. सुश्रुतसंहितेची पहिली मुद्रित आवृत्ती याच सुमारास कलकत्त्यात निघाली, आणि तिचे संपादकही मधुसूदन गुप्तच होते. एका हाताने प्राचीन पाठ छापणारा आणि दुसऱ्या हाताने प्रेत उघडणारा हा पंडित पुढच्या शंभर वर्षांच्या प्रश्नाचा मूर्तिमंत आरंभ होय. पुढे निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली, डल्हणाच्या टीकेसह असलेली आवृत्ती मुंबईतून काढली. १९१३ मध्ये गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथाला आरंभ केला. त्यांनी आधुनिक शारीर संस्कृतात मांडले, आणि ‘धमनी’ व ‘सिरा’ यांना परस्परविरुद्ध अर्थ देऊन टाकले : हृदयाकडून जाणारी ती धमनी, हृदयाकडे येणारी ती सिरा. हिंदीतील महाधमनी त्याच वाटेने चालते. घाणेकरांची व्याख्या या वातावरणात घडली. मूळ संहिता, तिचा हिंदी अर्थ आणि आधुनिक शारीराच्या अंगाने विवेचन असे तिचे स्वरूप. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी काशीचे शारीर त्या मराठी प्राध्यापकाच्या हिंदीतून वाचले.

६

मराठीने वेगळी वाट धरली. परिभाषाकारांनी सुश्रुताच्या चौकडीतून दोन रंग उचलले आणि त्यांना हार्वीचे काम दिले. तांबडे, प्राणवायुयुक्त रक्त नेणारी ती रोहिणी. काळसर रक्त परत आणणारी ती नीला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाने ही जोडी दृढ केली. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णाकाठच्या वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. काशीच्या राजाच्या नावे चालत आलेल्या संहितेतील शब्द दक्षिण काशीत कोशस्थ व्हावा, हा इतिहासाचा योगायोग म्हणून नोंदवण्याजोगा आहे.

जोडी सुबक आहे. रोहिणी म्हणजे तांबूस गाय, रोहिणी म्हणजे तांबूस ताऱ्याचे नक्षत्र. नळीच्या रंगाशी नावाचा मेळ बसतो. त्वचेतून निळसर दिसणाऱ्या वाहिनीला नीला म्हणणे डोळ्यालाही पटते. पण सुबकपणा एका ठिकाणी मोडतो, आणि ते ठिकाण हृदयाच्या अगदी दाराशी आहे. फुप्फुस रोहिणीतून काळसर रक्त जाते आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांतून तांबडे रक्त येते. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांपैकी एकीला रोहिणी हे नाव रंगाने शोभत नाही. ‘फुंकणारी’ धमनी ठोक्यावरून ओळखली जात असल्याने फुप्फुसातही अडखळत नाही. तिची अडचण निराळी : तिच्यात सुश्रुताने भरलेले बोलणे, हसणे, रडणे विद्यार्थ्याला विसरावे लागते. दोन्ही शब्दांना जुन्या अर्थाचा काही भाग टाकूनच नवे काम करता आले.

बोलीत तिसरा शब्द आहे, ‘धोरी नस’. धोरी म्हणजे जोखडाचा मुख्य भार वाहणारा बैल. या शब्दाला रंगाची वा वायूची अडचण नाही; कोणती नस तुटली असता माणूस वाचत नाही एवढेच तो जाणतो. शास्त्राने तो घेतला नाही, कारण शास्त्राला संस्कृताची प्रतिष्ठा हवी होती.

७

या सगळ्यातून वाचनाच्या पद्धतीचा प्रश्न पुढे येतो. काशीत मराठी पंडितांनी जुन्या पाठाशी दोन रीतींनी व्यवहार केला. सतराव्या शतकात कोपरगावकडील घराण्यातले नीलकंठ चतुर्धर काशीत राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहीत होते. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या त्यांनी गोळा केल्या; पण त्यांची वृत्ती समावेशक होती. उपलब्ध ते शक्यतो राखावे आणि सर्वांतून एक सुसंगत अर्थ काढावा, ही त्यांची श्रद्धा. दुसरी रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकरांनी रूढ केली : पाठभेद वेगळे ठेवावेत, कोणता पाठ कोणत्या पोथीचा ते सांगावे, आणि विसंगती दिसली तर ती झाकू नये. १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या रीतीचे फळ आहे. पुढे रामनगरच्या किल्ल्यात विभूतिनारायणसिंह यांच्या काशिराज न्यासाने वामन, कूर्म आणि वराह या पुराणांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या त्याही याच रीतीने. ज्या बिरुदाच्या धन्याने परंपरेत शारीर सांगितले, त्याच बिरुदाच्या विसाव्या शतकातील धन्याने पाठचिकित्सेला आश्रय दिला.

शारीराच्या इतिहासाला ही दुसरी रीत हवी आहे. सुश्रुताची नाभी, सुश्रुताचेच हृदय, चरकाचे दहा मूळ, भेलाची परतीची वाट हे चार पाठभेद आहेत असे समजून ते शेजारी शेजारी ठेवावेत. त्यांना ओढून एका सिद्धान्तात बसवले, आणि तो सिद्धान्त हार्वीचाच होता असे म्हटले, की हार्वीवर अन्याय होतो. पण त्याहून मोठा अन्याय सुश्रुतावर होतो. कारण मग त्याने काय पाहिले, कसे पाहिले, नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवलेल्या प्रेतातून त्याला काय दिसू शकत होते आणि काय नव्हते, याचा शोध घेण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्या बाजूने, चोवीस धमन्यांची गणना हास्यास्पद म्हणून बाजूला सारणाऱ्यालाही हा शोध घ्यावा लागत नाही. स्तुती आणि उपहास या दोघांनाही मूळ ग्रंथ न वाचता काम भागवता येते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या वादात काय करावे, असे कोणी विचारील. वाहिनी कोठून निघते हे सांगणे त्याचे काम नाही. ते शवविच्छेदनाच्या टेबलावर ठरते. शब्द कोठून निघाला, वाटेत त्याने काय टाकले आणि काय उचलले, हे सांगणे मात्र त्याचेच काम. वैद्यकाचा विद्यार्थी आज फुप्फुस रोहिणी म्हणतो तेव्हा तांबडा रंग त्याच्या मनात नसतो; हृदयातून बाहेर जाणारी एवढाच अर्थ असतो. शब्दाने रंग सोडला आणि दिशा घेतली. सुश्रुताच्या रोहिणीला दिशा नव्हती, रंग होता. या दोन रोहिणींच्या मध्ये हार्वीचे गणित, मधुसूदन गुप्तांचे शस्त्र, तंजावरची पोथी, घाणेकरांची व्याख्या आणि वाईचा कोश आहे. हे अंतर मोजून दाखवणे म्हणजे परंपरेचा अवमान नव्हे. प्रत्यक्ष पाहावे आणि शास्त्राशी ताडून घ्यावे, असे काशिराजाच्या मुखातून आलेल्या त्या संहितेनेच सांगितले आहे, आणि ते तिच्या शब्दांनाही लागू आहे.